एका ओळीतला पत्ता

चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. एकीच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता, तिथे भाची माईकसमोर बोलायची. दुसरीत खिडकीपाशी मावशी बसायची. ती फक्त भाचीची मावशी होती, पण तिथे येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला मावशीच म्हणायचा. त्याआधी बावीस वर्षं ती एका वाचनालयात होती. कुणी हात न लावलेल्या पुस्तकांवर ती दोन ओळींची चिठ्ठी चिकटवायची आणि धूळ खात पडलेलं पुस्तक आठवड्याभरात कुणीतरी घरी न्यायचं. वाचनालय बंद पडलं तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, आमच्या पॉडकास्टचे भागही असेच पडून आहेत गं. त्यांना चिठ्ठ्या लाव ना."

अशी बावन्नाव्या वर्षी मावशी शो नोट्स लिहायला लागली. भागाखाली जो मजकूर येतो तो: कोण बोलतंय, कशाबद्दल, कितव्या मिनिटाला काय आहे. 'या भागात आपण अमुक विषयावर चर्चा करणार आहोत' असं कुठे दिसलं की तिचं डोकं फिरायचं. "करा की चर्चा! मी कशाला ऐकू?" फोनवर फक्त पहिल्या दोन ओळी दिसतात, बाकीचं 'आणखी वाचा'च्या मागे लपतं, हे तिने पहिल्याच दिवशी हेरलं होतं. म्हणून त्या दोन ओळींत डोळ्यांना दिसेल अशी एक तरी गोष्ट हवी, हा तिचा नियम. डोळ्याला दिसलं की कान मागोमाग येतो, असं ती म्हणायची.

मावशीच्या नवऱ्याला यातलं काही पटत नव्हतं. "लोक ऐकायला येतात बाई. तुझ्या चार ओळी कोण वाचतंय?" ती हसून सोडून द्यायची, पण बोलणं लागायचं. कारण तिलाही आतून तीच शंका होती.

लिहायची तिची एक खोड होती. तयार भाग ती ऐकायचीच नाही. मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग ऐकायची. तयार भागातून खोकला, अडखळणं, खुर्चीची करकर सगळं गेलेलं असायचं, आणि मावशीच्या मते माणूस नेमका तिथेच सापडतो. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. खरं म्हणजे कुणी विचारलंच नाही.

त्या महिन्यात भाचीने एका इस्त्रीवालीची मुलाखत घेतली. बारा वर्षं मार खाऊन घराबाहेर पडलेली बाई. तिचा नवरा याच शहरात, नदीपलीकडे राहत होता. त्याने तिला दोनदा शोधून काढलं होतं. एकदा बहिणीच्या घरी, एकदा बायकांच्या वसतिगृहात. दुसऱ्या वेळी त्याने तिचं मनगट मोडलं. आता दीड वर्ष तो तिच्या मागावर होता आणि ती त्याला सापडली नव्हती. नाव सांगायचं नाही, आवाज बदलायचा आणि माग लागेल असं काही ठेवायचं नाही, या अटींवर ती बोलली. रेकॉर्डिंगही ती काम करायची त्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत झालं.

मावशीने ते दोनदा ऐकलं, डोळे पुसले आणि लिहिलं: 'बारा वर्षं ती दाराच्या कडीकडे बघत झोपली. आज ती पोहण्याच्या तलावाशेजारी इस्त्री करते, आणि तिथली शिट्टी कितीही जोरात वाजली तरी दचकत नाही.'

ओळ जमली होती, हे तिला लिहितानाच कळलं. अटी तिला पाठ होत्या. नाव नव्हतं, रस्ता नव्हता. तलाव काय, दहा असतील. मावशीला पोहता येत नव्हतं, आयुष्यात ती कधी तिकडे फिरकली नव्हती. त्या शहरात सार्वजनिक तलाव एकच आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

एरवी त्यांचा भाग चारशे लोक ऐकायचे. हा पाच दिवसांत नऊ हजारांनी ऐकला. मावशीने आपल्या नवऱ्याला आकडा दाखवला, तेव्हा तो चहाचा कप घेऊन गुपचूप गॅलरीत गेला.

सहाव्या दिवशी सकाळी भाची परगावी होती. आवाज कापायचं काम करणारा, ज्याला सगळे कात्री म्हणत, तो कानाला हेडफोन लावून बसला होता. मावशी प्रतिक्रिया वाचत होती. एक बिननावाची होती: 'फार छान भाग. ताईंना भेटायचं आहे. हा तलाव कोणता?'

"कात्री, याला काय उत्तर देऊ रे?"

कात्रीने वाचलं आणि हेडफोन काढून ठेवले. "तलाव? तलाव कुठून आला?"

"ती बोललीय की. मागे शिट्ट्याही ऐकू येतात."

"मावशी, तीन तास बसून मी एकेक शिट्टी काढलीय. तलावाचं वाक्य काढलंय. भागात तलाव नाहीच!"

मावशीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. जे त्याने तीन तास खपून पुसलं, ते तिने एका ओळीत परत लिहिलं होतं, आणि तेही सगळ्यात वर, जिथे सगळ्यांना दिसेल असं. तेवढ्यात त्याच बिननावाच्या माणसाची दुसरी प्रतिक्रिया आली.

'असू द्या. सापडला.'

कात्रीने इस्त्रीवालीला फोन लावला. वाजत राहिला. कामाच्या वेळात लाँड्रीची मालकीण सगळ्यांचे फोन खणात ठेवते, हे त्याला आठवलं. "तुम्ही निघा," तो म्हणाला, "मी ओळ काढतो आणि फोन लावत राहतो." मावशी चप्पल अडकवून जिना उतरली. दुकानाबाहेर टॅक्सी होती.

"तलावाशेजारच्या लाँड्रीत," ती म्हणाली. तिला स्वतःलाही यापुढचा पत्ता माहीत नव्हता.

"बसा," टॅक्सीवाला म्हणाला. त्याने काही विचारलं नाही. एक शब्दही नाही. इतकं सोपं होतं ते.

वाटेत कात्रीचा फोन आला. आपल्या पानावरून ओळ निघाली होती, पण बाकीच्या ॲपवर जुनीच दिसत होती. तिथे बदलायला एक-दोन दिवस लागतात. मावशीने जन्मभर एकच इच्छा धरली होती, की आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचावं. आता ती देवाला हात जोडून म्हणत होती, एका माणसाने वाचू नये. आणि त्या माणसाचा चेहराही तिला माहीत नव्हता. सिग्नलला शेजारी थांबलेला स्कूटरवाला तो असू शकत होता. तलावाच्या तिकीट खिडकीशी वाकून काहीतरी विचारणारा, निळ्या शर्टाचा तो माणूस तोच असू शकत होता. मावशी त्याच्या पाठीमागून गेली तेव्हा तिने श्वास रोखून धरला होता.

लाँड्रीत चादरींचे ढीग होते. टेबलापाशी एक ठेंगणी बाई रुग्णालयाच्या पांढऱ्या कोटांना इस्त्री करत होती. हा चेहरा मावशीने कधी पाहिला नव्हता, पण उजवं मनगट थोडं वाकडं होतं. मावशीने दाराला आतून कडी घातली आणि सगळं सांगितलं, आपली चूक आधी. बाईने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

मावशीने वाचलं. बाई ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर मावशीला बरं वाटलं असतं. बाई म्हणाली, "छान लिहिलंय हो. मला वाटलं नव्हतं माझ्यावर कुणी इतकं छान लिहील." मग तिने मालकिणीकडे पाहिलं. मालकीण खण उघडून तिचा फोन काढायला लागली.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

बाई चादरींच्या ढिगामागे गेली, पाणी ओसरावं तशी, आवाज न करता. तिला त्याची सवय होती. मालकिणीने जड इस्त्री हातात घेतली. मावशी दाराशी गेली, कारण दुसऱ्या कुणाला पाठवायचं तोंड तिला नव्हतं. तिने कडी काढली.

बाहेर एक तरुण बाई होती. प्लास्टिकची पिशवी, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. ओठाचा कोपरा सुजलेला. "माफ करा," ती म्हणाली, "मी मघाशी विचारलं होतं, तलाव कोणता म्हणून. मला फक्त एकदा बघायचं होतं, की अशी बाई खरंच आहे."

मावशीला रडू आवरेना. मालकिणीने इस्त्री खाली ठेवली, आलेल्या बाईला स्टुलावर बसवलं आणि चहा ठेवायला आत गेली. ढिगामागून इस्त्रीवाली बाहेर आली. तिने आलेल्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवला. "आहे बरं का मी. तूही निघालीस, आता मागे जायचं नाही." मग ती वळली आणि खुंटीवरची पर्स घेतली.

"निघालात?" मावशी म्हणाली. "पण ही तर..."

"हिला तासाभरात सापडलं, मावशी. त्याला किती लागेल?"

दीड वर्षाची नोकरी, हाताखालचं टेबल, मालकिणीची माया, सगळं सोडायला तिला पाच मिनिटं लागली. मावशी तिला मागच्या दाराने गल्लीत घेऊन गेली आणि टॅक्सीत बसवलं. काच उघडी होती. बाईने ड्रायव्हरला कुठे जायचं ते सांगितलं, आणि मावशीला ते स्पष्ट ऐकू आलं. ऐकल्याबरोबर ती जागा तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, फाटकासकट, फाटकाच्या रंगासकट. पहिल्या दोन ओळी तर आपोआप जुळल्या. मावशीला स्वतःचीच भीती वाटली.

ती परत आत आली. स्टुलावरच्या बाईने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता.

"ताई कुठे गेल्या हो?" तिने विचारलं. "मला अजून बोलायचं होतं."

"मला माहीत नाही, बाळ," मावशी म्हणाली.

बाईने मावशीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. हे खोटं आहे, हे तिला कळलं. तिने मान हलवली आणि पुन्हा विचारलं नाही.