जीभ वर कर

पाडकामाच्या टोळीचा तो मुकादम. त्याच्याहून म्हातारी माणसंसुद्धा त्याला दादा म्हणायची, कारण न म्हणणाऱ्याची काही खैर नसे. दादाचा हात आधी चालायचा आणि डोकं मागून धापा टाकत यायचं. एकदा मागची एकच खोली पाडायला टोळी घेऊन गेला आणि शेजारच्या घराच्या स्वयंपाकघराची भिंतही आडवी करून मोकळा झाला. शेजारीण कढई हातात घेऊन बोंबलत बाहेर आली, तर उलट तिलाच म्हणाला, "बाई, घण काय विचारून चालतो होय?"

असा हा माणूस एकाशीच हळू बोलायचा, धाकट्या भावाशी. धाकट्याला तरुणपणी भिंतींतून आवाज ऐकू यायचे. आतली माणसं शिव्या घालतात, म्हणायचा. त्या भरात त्याने सख्ख्या आईच्या डोक्यात स्टूल घातलं होतं. मग डॉक्टरांनी पांढरी गोळी सुरू केली, रोज संध्याकाळी एक, आणि माणूस सुतासारखा सरळ झाला. टोळीत घण मारू लागला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. आई जाताना दादाने तिला शब्द दिला होता, "मी जिवंत आहे तोवर याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवणार नाही."

आणि मग धाकट्याला टीबी झाला. औषधांत एक लालभडक कॅप्सूल होती. पहिल्याच दिवशी लघवी लाल झाली तसा तो "मेलो, मेलो" करत बाहेर धावला आणि दादा पोट धरून हसला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, या गोळीने असंच होतं म्हणून.

काही आठवडे बरे गेले. मग एका संध्याकाळी धाकटा ताटावरून उठला आणि भिंतीवर डोकं आपटू लागला. बायको अडवायला गेली, तर तिला उचलून दारावर फेकली. पोरगी खाटेखाली लपली. दादा शेजारच्याच खोलीत राहायचा, तो धावत आला आणि त्याच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. लाल गोळी हा गिळतो, लघवीच साक्ष देते. पांढरी मात्र थुंकतो, हरामखोर!

त्यानंतर रोज तेच. दादा त्याच्या छातीवर बसायचा, चमच्याच्या दांड्याने जबडा उघडायचा, बॅटरी मारायचा. "जीभ वर कर! वर कर म्हणतो ना!" तोंडात काही सापडायचं नाही. मग ते सापडत नाही म्हणून मार. एकदा चमचा जोरात फिरला आणि समोरचा दात रक्तासकट बाहेर आला.

"दादा, ते गिळतात हो," धाकट्याची बायको रडत म्हणाली. "मी रोज समोर उभी असते."

"तू गप्प बस. तुझ्या लाडानेच शेफारलाय तो."

शेवटी कामावरच भडका उडाला. अर्धवट पाडलेल्या खोलीत धाकटा भिंतीला कान लावून उभा होता. दादाने मागून हाक मारली. धाकटा घण उचलूनच वळला. दादा झुकला म्हणून वाचला, घण कानाजवळून गेला आणि मागच्या चौकटीचा भुगा झाला. दुसरा घाव येण्याआधी दादाने पहार हाणली. धाकट्याच्या उजव्या हाताची हाडं वाजलेली सगळ्या टोळीने ऐकली. तो खाली पडला तरी दादा थांबला नाही, चौघांनी मिळून दादाला मागे ओढला.

दवाखान्याच्या वॉर्डात धाकट्याला बांधूनच ठेवावं लागलं. पुढच्या आठवड्यात दादा तिथल्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभा राहिला. "पाठवा त्याला वेड्यांच्या इस्पितळातच. मी हरलो," तो म्हणाला.

"बसा आधी," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्या रक्तात ती पांढरी गोळी जवळजवळ नाहीच."

"मग मी काय बोंबलत होतो? थुंकतो तो!"

"इथे नर्स गोळी कुटून पाण्यातून पाजते आणि समोर बसून राहते. तरी रक्तात नाही." बाईंनी स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. "लिव्हरच्या पेशींत रिसेप्टर म्हणून एक पहारेकरी असतो. त्याचं कामच परकं रसायन ओळखायचं. टीबीची लाल गोळी त्याला जाऊन चिकटली, की तो पेशीच्या गाभ्यात जाऊन हुकूम सोडतो, तोडणारे वाढवा. मग रसायनं तोडणारी एन्झाइम्स ढिगाने तयार होतात. ती काय फक्त लाल गोळीच तोडतात? समोर येईल ते तोडतात. पांढरी गोळी पोटात जात होती, पण तिचं काम व्हायच्या आत तिचे तुकडे होत होते."

दादाने विचारलं, "म्हणजे शेजारणीची भिंत?"

बाईंना ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, "पाठवायची गरज नाही. टीबीचं औषध बदलू, पांढरीचा डोस काही दिवस वाढवू. ते तोडणारे हळूहळू कमी होतील, तसा डोस खाली आणू. गिळत होता हो तो, रोज गिळत होता."

"अरे देवा," दादा म्हणाला, आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

धाकटा भानावर आला, घरी आला. आवाज गेले. पोरगी पुन्हा त्याच्या मांडीवर बसू लागली. उजव्या हाताची बोटं मात्र मिटत नाहीत, आता घण नाही, काही नाही. दादाने त्याला टोळीच्या हत्यारांवर लक्ष ठेवायला बसवलंय.

संध्याकाळी बायको गोळी देते. धाकटा ती गिळतो, ग्लास खाली ठेवतो, उठून शेजारच्या खोलीत जातो आणि दादासमोर उभा राहून तोंड उघडतो. जीभ वर करतो.

"बंद कर रे," दादा म्हणतो. "तुला कुणी सांगितलं का?"

धाकटा तोंड मिटत नाही. समोरच्या पडलेल्या दाताची खाच दिसत राहते. दादा मान वळवतो, तर हा वळसा घालून पुन्हा पुढ्यात येतो.

शेवटी दादा बघतो. "गिळलीस बाबा," तो म्हणतो. "गिळलीस."

मगच धाकटा तोंड मिटतो आणि जेवायला जातो.