लेम्पीबाई आणि अर्धी राहिलेली शाळा

लेम्पी कोस्केलाबाईंच्या विमा कचेरीत मी अकरा वर्षं टायपिंग केलं. मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराकाठच्या आमच्या गावात सरकारी बांधकाम घ्यायचं तर कंत्राटदाराला आधी जामीनपत्र लागे. काम अर्धवट सुटलं तर विमा कंपनी ते पुरं करणार, मजुरांचे पैसे बुडू देणार नाही. कंपनी दूर डेट्रॉइटला. माणूस पारखायचं काम बाईंचं. कागद त्या नंतर बघत. आधी कंत्राटदाराच्या आवारात जाऊन थाप्या धुऊन ठेवल्यात का ते बघत.

जामिनावर बायकोचीही सही लागे, कारण कंपनीला खोट आली की ती त्यांच्या घरादारातून वसूल होई. १९७४ साली वाइनो हारजू या कंत्राटदाराला शाळा बांधायचं काम मिळालं. त्याची बायको सिल्विया सही करायला वाकली, तर बाईंनी कागदच ओढून घेतला.

"आधी वाच."

"यांनी वाचलाय की!"

"घर काय एकट्या वाइनोचं आहे? कॉफी घे, वेलचीपाव घे, पण वाच."

ऑक्टोबरात भिंती खिडक्यांपर्यंत आल्या आणि वाइनो गेला. झोपेतच. कंपनीनं बाहेरचा कंत्राटदार आणायचं ठरवलं. त्याचा जादा खर्च सिल्वियाच्या घरावर येणार होता. बाईंनी फोन उचलला.

"तुमचा माणूस येईस्तोवर बर्फ पडेल. वाइनोचे गवंडी इथंच आहेत. हजेरी, मालाची बोलणी पंधरा वर्षं सिल्वियाच बघतेय." पलीकडचं ऐकून त्या लालबुंद झाल्या. "बाई आहे तर काय झालं? तुमच्या वतीनं जामिनांवर वीस वर्षं सही कोण करतंय, मीच ना?"

सिल्वियाला छप्पर चढेपर्यंतची मुदत मिळाली.

नवऱ्याचा ढगळ कोट घालून सिल्विया कामावर आली. तिनं गवंड्यांना कॉफी ओतली. म्हातारा गवंडी टोइवो म्हणाला, "मालकीणबाई, तुम्ही कॉफी तेवढी पातळ करू नका. भिंतीचं आम्ही बघतो."

मोठ्या बर्फाच्या चार दिवस आधी छप्पर चढलं, आणि कंपनीनं शाळेचं उरलेलं कामही तिच्याकडेच ठेवलं. शाळा दीड महिना उशिरा उघडली, पण घर वाचलं. उद्घाटनाला सिल्विया पुढच्या खुर्चीवर बसलीच नाही. गवंड्यांच्यात उभी राहिली. बाई शेजारी उभ्या राहून नाक पुसत होत्या आणि मला सांगत होत्या, "सर्दी झालीय गं."

बाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या शाळेत माझी नात शिकते. तिला आणायला मी मुद्दाम लवकर जाते आणि भिंतीला पाठ टेकून उन्हात उभी राहते.