पाठीवरचं बकल

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं मी सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. तिथली एक रीत मला पहिल्या दिवसापासून खटकायची, तरी मी ती पाळली. पेशंट बाई असली की तिला काय होतंय ते सोबतच्या पुरुषाला विचारायचं. बाईनं नुसती मान हलवायची.

एकदा दिवाळीच्या तोंडावर चौदा वर्षांची एक पोरगी आली. मनगट टम्म सुजलेलं. सोबत थोरला भाऊ, मिल्ट्रीतून सुट्टीवर आलेला. विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली, असं त्यानंच सांगून टाकलं. बाप वारल्यापासून घरात त्याचाच शब्द चालायचा. आमचे डॉक्टर मिल्ट्रीवाला दिसला की विरघळायचे. त्यांनी त्याला खुर्ची दिली, सरहद्दीवरच्या थंडीची चौकशी करत बसले आणि पोरीला माझ्याकडे आतल्या खोलीत पाठवलं.

फळी बांधायला मी तिचा हात वर धरला, तसं पोलकं पाठीवरून सरकलं. पाठीवर चौकोनी वळ होते, चांगले पाच-सहा. पट्ट्याच्या बकलाचे. विहिरीच्या पायऱ्यांना बकल नसतं. मी हळूच विचारलं. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "दादा मारतुया. सुट्टीला आला की मारतुया. बाई, कुणाला सांगू नगा."

मी डॉक्टरांना सांगितलं. सांगायला हवंच होतं, पण कसं सांगितलं? तिला काही न विचारता, तडक बाहेर जाऊन, भाऊ दोन हातांवर बसलेला असताना. मोठी शहाणी मी. स्वतःचीच किळस येते.

डॉक्टरांनी पोरीला बाहेर बोलावून भावासमोर उभं केलं आणि विचारलं, हा मारतो काय गं तुला? भाऊ हसत होता. ते हसू आठवलं की अजून तोंड कडू होतं. तिनं खाली बघत "न्हाई" म्हटलं. डॉक्टरांना हायसं वाटलं. घरोघरी मातीच्या चुली, भावाबहिणींत चालायचंच, असं म्हणत त्यांनी तिला त्याच्या पाया पडायला लावलं. वर सांगितलं, चार दिवसांवर भाऊबीज आलीय, नीट ओवाळ त्याला. बांधलेला हात पोटाशी धरून ती वाकली. तिचा तोल जाऊ नये म्हणून धरायला मीच पुढे झाले. केसपेपरवर "पडून दुखापत" हेही तिच्यासमोर मीच लिहिलं. बकलाबद्दल एक अक्षर नाही.

त्याच्या पुढच्या सुट्टीत ती पुन्हा आली, भुवई फुटलेली. या वेळी भावाला मी बाहेरच थांबवलं आणि दार लावून घेतलं. मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. तिला एकटीला विचारायचं, ती सांगेल ते खरं मानायचं, दिसेल ते लिहायचं, आणि पुढं काय करायचं ते तिच्याशी बोलूनच. एवढं साधं काम होतं, आणि ते सुचायला मला वर्ष लागलं. मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"पडले," ती म्हणाली. मी अजून काहीच विचारलं नव्हतं.

मग तिनं माझ्या हातातल्या पेनाकडं बघितलं. "लिवा की, बाई. मागल्या बारीला लिवलं हुतं तसंच."