कवठाच्या चटणीची बरणी

मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या काळात, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचा चपराशी आमच्या शेजारणीच्या दारात कवठाच्या चटणीची बरणी मागायला आला. गावाने सकाळपासून दूध, कोंबड्या आणि गवत फुकट पोहोचवले होते. नाही म्हणायची सोय नव्हती.

शेजारीण कमी बोलायची. चटणीच्या बाबतीत मात्र ती कोणाचे ऐकत नसे. प्रत्येक कवठ ती हातभर उंचीवरून जमिनीवर टाकायची. उसळले की कच्चे, ते पुन्हा पिकायला भुशात. कोणी आधीच चव मागितली तर म्हणायची, "जिभेला काय आग लागली का?"

ही बरणी गरोदर लेकीसाठी होती. लेकीच्या पोटात दुसरे काही ठरत नव्हते.

तिने तसे सांगितले. चपराशी म्हणाला, "लेक मंग खाईल. साहेब आज हाये. जल्दी करा, बाई."

तिने झाकण काढले, बोट बुडवून चाटले आणि तेच बोट पुन्हा चटणीत घातले.

"न्या आता. म्या उष्टी केली, हे साहेबाला बराबर सांगा."

"असं करत न्हाईत, बाई."

"असं मागत बी न्हाईत."

उष्टे अन्न अंमलदाराच्या पानात वाढायची चपराशाची हिंमत नव्हती. तो रिकाम्या हाताने गेला.

दुसऱ्या सकाळी तिच्या नवऱ्याला बैलगाडीसकट अंमलदाराचे सामान वाहायला वेठीला धरले. तो पाचव्या दिवशी परतला. तोवर लेकीने बरणी संपवली होती.