स्टिअरिंगचा आधार आणि चार दिवसांचं भांडण

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला दहा-बारा दिवस राहिले होते, आणि आमची मोठी पिकअप अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढची दोन्ही चाकं काढून उभी होती. नवरा ओरोसच्या ऑफिसातून चार दिवसांची रजा काढून आला होता. "रजा काढलीहा, आता ह्या काम करूनच सोडूया," असं तो म्हणाला, तेव्हाच मला समजायला हवं होतं की हे चार दिवस बरे जाणार नाहीत.

गाडी मी चालवते. मालवणच्या बंदरावर मासे भरायचे, वर बर्फ टाकायचा आणि आंबोलीच्या घाटाने बेळगावला पोचवायचे, हा धंदा मूळचा माझ्या वडिलांचा. त्यांचे गुडघे गेले, क्लच दाबवेना, तेव्हा मी बसले. सात वर्षं झाली. सुरुवातीला लोक वळून बघायचे, आता कोणी बघत नाही. नवऱ्यालाही गाडी येते, पण मागे माल भरलेला असला की त्याचे खांदे कानांपर्यंत चढतात. त्यामुळे गाडी माझी आणि गाडीची काळजी त्याची, अशी आमची वाटणी होऊन बसलेली.

मार्चमध्ये आंबोलीच्या एका वळणावर माझ्या हातातलं स्टिअरिंग अचानक थरथरायला लागलं. चाक खड्ड्यात आपटलं एवढंच निमित्त. मी डावीकडे वळवत होते आणि गाडी क्षणभर सरळच गेली, म्हणजे समोरून येणाऱ्या एसटीच्या बाजूला. एसटीच्या ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून वाचले. तो खिडकीतून काय बोलला ते मी ऐकलंच नाही. पुढे एका टपरीवर थांबले आणि गाडीकडे पाठ करून लागोपाठ तीन ग्लास चहा प्यायले.

घरी येऊन एवढंच सांगितलं, "स्टिअरिंग जरा ढिला झालाहा."

त्यानंतर मी आंबोली सोडली आणि लांबच्या रस्त्याने, गोव्यातून चोर्ला घाटाने जायला लागले. नवऱ्याच्या हे लक्षात यायला दोन आठवडे लागले.

"तू चोर्ल्यान कित्याक जातंस?"

"थंय ट्रॅफिक कमी आसता."

"चोर्लो काय सपाट आसा?"

मी माशांच्या पेट्या धुवायला निघून गेले. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण बरेच दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून काहीतरी बघत बसायचा. मग एक दिवस जड पार्सल आलं. त्यात एक जाड लोखंडी दांडा, एक बेअरिंग, एक लांबट नट, बोल्टांची पिशवी आणि इंग्रजीतला एक कागद.

दांड्याचं काम तसं सोपं. स्टिअरिंगचा बॉक्स चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, उजव्या बाजूला तीन बोल्टांवर बसवलेला असतो. त्यातून एक शाफ्ट खाली येतो, शाफ्टला ड्रॉप आर्म नावाचा लोखंडी हात, आणि तो हात चाकं वळवतो. जड माल आणि खराब रस्ता असला की सगळे हिसके त्या शाफ्टला बसतात. हा दांडा शाफ्टला खालून धरून ठेवतो आणि त्याची दोन टोकं, उजवीकडचं एका पट्टीने, चेसिसच्या दोन्ही बाजूंना बांधायची असतात. कागदावर लिहिलं होतं, दोन तासांचं काम.

मी म्हटलं, कुडाळच्या आपल्या मेकॅनिककडे नेऊया. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "बाय, बंदी उठूक इली, माझ्याकडे गाडी उभी रवाक जागा नाय. चतुर्थी होवंदे. आणि असलो दांडो मी अजून बसवलेलो नाय, आधीच सांगतंय." म्हणून आम्ही घरी.

पहिला दिवस एका नटात गेला. ड्रॉप आर्म शाफ्टला धरून ठेवणारा जुना नट काढायचा आणि त्याच्या जागी तो लांबट नट लावायचा, म्हणजे दांड्याचं बेअरिंग त्यावर बसतं. आमच्याकडचा कुठलाच पाना त्या नटाला बसेना. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत, वेल्डिंगही करतात, वडिलांच्या वयाचे. त्यांच्याकडून मोठा पाना आणला. पण माशांच्या पेट्यांतून गळणारं खारं पाणी वर्षानुवर्षं त्या नटावर पडलेलं. डिझेल ओतून ठेवलं, हातोड्याने ठोकलं, पान्याला पाईप लावून दोघं लोंबकळलो. पाईप निसटला आणि माझी बोटं चेसिसवर आपटून सोलवटली.

नवरा कागद घेऊन उभा. "ह्यात लिवलाहा, आधी नट गरम करूचो."

"ह्या तू आता सांगतंस?"

"तू वाचूक दिलंस खंय?"

माझा नवरा रागावला की मालवणी सोडतो आणि ऑफिसातलं मराठी बोलायला लागतो. कॉलेजपासून बघते आहे. माझ्या बोटांना हळद लावत असताना तो म्हणाला, "तू एकदा शांतपणे ऐकून घेणार आहेस का?" त्यावर मी पाना जमिनीवर असा आपटला की शेजारची कोंबडी ओरडत पळाली.

संध्याकाळी, गरम केल्यावर, नट निघाला. नवीन नट हाताने लावायला गेले, तर दोन आटे गेला आणि अडकला. पुन्हा काढला, साफ केला, ग्रीस लावलं, पुन्हा लावला. दोन आटे, आणि ठप्प. आटेच वेगळे होते. पाठवणाऱ्यांनी दुसऱ्याच गाडीचा नट टाकला होता.

दुसरा दिवस फोनवर गेला. नवरा पाठवणाऱ्यांशी हिंदीत अदबीने बोलत होता. त्यांनी फोटो मागितले. मग वेगळ्या बाजूने फोटो मागितले. मग म्हणाले, नट परत पाठवा, दहा दिवसांत नवीन येईल. मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि जे बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी जुना आणि नवीन असे दोन्ही नट घेऊन बसने कुडाळला लेथवाल्याकडे गेले. आमची गाडी तर खोललेली. त्याने नवीन नट आतून मोठा केला आणि आमच्या शाफ्टच्या आट्यांचा करून दिला. चांगला माणूस, पण त्याच्या दारात मी चार तास बाकावर बसले. घरी आले तेव्हा नवरा शेडमध्ये बोल्ट आकाराप्रमाणे ओळीत मांडून बसला होता. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. उलट चीड आली.

तिसऱ्या दिवशी नट बसला. आता दांडा. डाव्या बाजूची भोकं जुळली, उजवीकडची पट्टी बोटभर बाहेर राहिली. नवऱ्याचं म्हणणं, पट्टी वाकवूया. माझं म्हणणं, चेसिसवरचा गंज एवढा जाड आहे की पट्टी टेकणार कशी, आधी गंज काढूया. त्यावरून अर्धा तास. शेवटी मी तारेचा ब्रश घेऊन गाडीखाली गेले आणि खरवडायला लागले. गंजाचे पापुद्रे तोंडावर पडत होते.

बॉक्सच्या खालच्या बोल्टाजवळचा एक मोठा पापुद्रा निघाला आणि त्याखाली एक काळी रेघ दिसली. आधी वाटलं, ब्रशचा ओरखडा. बोट फिरवलं तर नख अडकलं.

"रे, वर बस आणि स्टिअरिंग हलव," मी खालून ओरडले.

तो वर चढला. त्याने स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि ती रेघ उघडली. उजवीकडे ओढलं, मिटली. चेसिसचं लोखंड तिथे फाटलं होतं. बॉक्स, तीन बोल्ट आणि माझं वळणं, सगळं त्या फाटक्या पत्र्यावर उभं होतं.

मी बाहेर आले नाही, तशीच पडून राहिले. तो खाली वाकला, बॅटरी धरून त्यानेही बघितलं. नंतर माझ्या शेजारी जमिनीवर पाठ टेकली. मग मी त्याला ती एसटी सांगितली. त्या तीन ग्लासांचंही सांगितलं.

तो म्हणाला, "हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगला असता तर तू गाडी इकूक लावली असतस."

"होय," तो म्हणाला, "लावली असतंय."

त्याने खोटं बोलून माझं समाधान केलं असतं तर मी भांडले असते. तो खरं बोलला, त्यामुळे भांडायलाही काही उरलं नाही. त्याचा राग, माझा राग आणि त्या नटावर घालवलेले दोन दिवस, सगळंच फुकट गेल्यासारखं वाटलं. दांडा बसवून आम्ही ती फट झाकून टाकली असती आणि मी खुशाल आंबोली चढले असते.

चौथ्या दिवशी सकाळी चाचा वेल्डिंगचं सामान घेऊन आले. गाडीखाली डोकावून त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज केला.

"गो बाय, दांडो बरो आसा. पण फुटक्या भिंतीक टेकू देवन काय करतलंस? आधी भिंत बांधूक होयी."

त्यांनी फटीच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे फट पुढे सरकणार नाही, मग ती भरली आणि वरून जाड पट्टी चढवली. एवढ्या कामात तीनदा लाईट गेली. प्रत्येक वेळी चाचा बाहेर येऊन निवांत विडी ओढत आणि नवरा वीज मंडळाला फोन लावून रिंग ऐकत बसे. दुपारी वेल्डिंग झालं, पण आता नव्या पट्टीमुळे दांडा आणखी पुढे आला. दांड्यासाठी पुन्हा नवी भोकं. ड्रिलचं पातं मोडलं. दुसरं आणलं. तेही मोडलं. बोल्ट आवळताना कागदावर लिहिलेला जोर मोजायला आमच्याकडे साधन नव्हतं.

"ह्यात लिवलाहा, इतक्याच जोरान आवळूक होया," नवरा म्हणाला.

"तो जोर मोजतलंस कशान?"

चाचांनी पाना हातात घेतला, कण्हत एकेक बोल्ट आवळला आणि म्हणाले, "झालो."

अंधार पडायच्या आत आम्ही धामापूरच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो. तळ्याच्या रस्त्यावर मुद्दाम दोन-तीन खड्ड्यांत चाक घातलं. स्टिअरिंग जागेवर होतं, हात हलवला की गाडी लगेच वळत होती. इतकी वर्षं ही गाडी अशी चालू शकते हे मला माहीतच नव्हतं. फक्त गाडी सरळ जात असताना स्टिअरिंग डावीकडे कललेलं राहत होतं. वेल्डिंगसाठी उतरवलेला ड्रॉप आर्म शाफ्टच्या दातांवर परत चढवताना एक दात चुकला होता.

"तू बसवलंस," मी म्हटलं.

"तू धरलंस," तो म्हणाला.

तळ्यापासून घरापर्यंत आमचं हेच चाललं. दुसऱ्या दिवशी तो ओरोसला गेला आणि मी एकटीने तो आर्म पुन्हा उतरवून नीट चढवला. यावेळी नट सहज निघाला, त्याचाही मला राग आला.

बंदी उठल्यावर तिसऱ्या दिवशी बांगडा भरला आणि आंबोलीला लागले. घाटात धुकं होतं, समोरच्या गाड्यांचे फक्त दिवे दिसत होते. त्या वळणावर मी गरजेपेक्षा हळू गेले, मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. काही झालं नाही. गाडी वळली आणि पुढे गेली. माझे दंड मात्र घाटमाथ्यापर्यंत ताठच राहिले.

बेळगावात माल उतरवून नवऱ्याला फोन केला.

"कशी गेली?" त्याने विचारलं.

"बरी गेली. पण तुज्या ह्या दांड्यामुळे ऑइल फिल्टर भायर येणा नाय. मी आता वाकान बघलंय. दर टायमाक दांडो काढूचो लागतलो."

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला.

"ह्यात ता लिवूक नाय," तो म्हणाला.