आत्याबाई, विहीर आणि छावणीच्या विजारी

माझ्या मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण स्वतंत्र का झालो याची सहा कारणं दिली आहेत. ती मोठमोठ्याने घोकते आणि मी भाजी निवडता निवडता ऐकते. विहिरीच्या कप्पीचा त्यात उल्लेख नाही. शाळेत जाऊन विचारलं, तर मास्तर म्हणतील, कप्पी परीक्षेला नाही. नसू दे. माझ्या नवऱ्याच्या आत्याकडे मात्र कारण ते एकच होतं.

गाव त्यांना आत्याबाईच म्हणायचं. कपडे धुण्याचा त्यांचा धंदा. मागच्या अंगणात भट्टी, दगडी हौद, चौदा दोऱ्या आणि मधोमध विहीर. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी. लग्नाची हळद उतरायच्या आत नणंदेने त्यांना कोळशाच्या इस्त्रीवर बसवलं. पुढचं सगळं त्यांच्याच तोंडून ऐकलेलं आहे, आणि त्या तिखटमीठ लावत असतील तर तो त्यांचा हक्क आहे.

आमचे खापरपणजोबा समुद्रापलीकडून इथे येऊन वसले, म्हणून पलीकडच्या देशाला सगळे ‘थोरलं घर’ म्हणत. भाषा तीच, देव तेच, शिव्यासुद्धा त्याच. पण धाकट्या जावेला नातवंडं झाली तरी थोरलीने साखरेच्या डब्याची किल्ली कमरेलाच ठेवावी, तशातली गत. इथे खिळासुद्धा घडवायचा नाही, लोखंड म्हटलं की तिकडूनच यायचं. बोट जायला चार महिने, यायला चार.

तर कप्पी तुटली. आत्याबाईंनी शेजारच्या लोहाराकडून दुपारपर्यंत नवी करून घेतली. संध्याकाळी थोरल्या घराच्या छावणीचा कप्तान आला, कप्पी काढून खिशात घातली, विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि लाखेची लाल मोहोर मारली.

“आत्याबाई, मला वाईट वाटतंय हो,” तो म्हणाला. तसा माणूस वाईट नव्हता. “थोरल्या घराला अर्ज करा. परवानगी आली की उघडतो.”

“आणि तोवर तुमचे कपडे काय थुंकीने धुऊ?”

“नदी आहे की!”

नदी अर्ध्या कोसावर. आत्याबाई नि कामाच्या दोघी बायका हातगाडीवर पिंपं घालून पाणी आणू लागल्या. गढूळ पाण्याने पांढरे सदरे चहात बुडवल्यासारखे दिसायचे. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, दोन घरांनी कपडे टाकणं बंद केलं. आत्याबाईंच्या खांद्याला गाडीच्या पट्ट्याने घट्टे पडले. धंदा बुडाला तर भट्टी मोडून भावाच्या दारात बसायचं, एवढंच पुढे दिसत होतं.

आठ महिन्यांनी उत्तर आलं: कोणती विहीर? खोली किती? नकाशा जोडावा.

आत्याबाईंनी नकाशा जोडला. त्यात विहिरीशेजारी स्वतःलाही काढलं, कमरेवर हात ठेवून. पुन्हा आठ महिने. या खेपेला लिहिलं होतं, की विहिरीची दुरुस्ती झाल्याचं कळून समाधान वाटलं, सबब प्रकरण बंद.

“मग उघडा,” आत्याबाई कप्तानाला म्हणाल्या.

कप्तानाने पत्र उलटंपालटं केलं. “दुरुस्ती झाली असं आहे. उघडा असं कुठेय? त्याचा वेगळा अर्ज.”

सासूबाई सांगतात, “वन्संनी पत्र परत घेतलं गं. नुसत्या हसल्या. तेव्हाच मला धडकी भरली.”

गावातल्या शहाण्या माणसांच्या तेव्हा ग्रंथालयात बैठका चालत. थोरल्या घराचं निशाण कचेरीवरून उतरवायचं यावर एकमत होतं. छावणीतल्या चाळीस बंदुकांपुढे उभं कोण राहणार, यावर तीन महिने नुसता खल चालू होता. आत्याबाई तिथे धुतलेले पडदे द्यायला गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “बुधवारी करा.”

“बुधवारीच का?” वकीलसाहेबांनी चष्मा वर केला.

“बुधवारी त्यांच्या विजारी माझ्याकडे असतात.”

गोष्ट खरी होती. थोरल्या घराने काटकसर म्हणून शिपायामागे एकच विजार ठरवली होती. दुसरीचा अर्ज दीड वर्षापूर्वी बोटीने गेला होता आणि त्यावर ‘कोणत्या पायासाठी?’ अशी विचारणा आली होती, असं लोहार शपथेवर सांगायचा. त्यामुळे दर बुधवारी अख्खी छावणी चादरी गुंडाळून पत्ते खेळत बसे.

त्या बुधवारी आत्याबाईंनी चाळीसच्या चाळीस विजारी हौदात बुडवल्या आणि वर बसून निवांत शेंगा सोलत राहिल्या. दहा वाजता कचेरीकडून आरडाओरडा ऐकू आला. सव्वादहाला कप्तान अंगणात हजर. वर बिल्ल्यांचा कोट, खाली फुलाफुलांची चादर, एक हात चादरीच्या गाठीवर.

“विजारी द्या!”

“ओल्या आहेत.”

“ओल्याच द्या!”

“असं कसं? वाळवून, इस्त्री करूनच द्यायच्या असा तुमचाच हुकूम आहे, भिंतीवर लावलाय. ओल्या द्यायला वेगळी परवानगी लागेल. अर्ज करता का?”

सासूबाईंना हसू आवरेना, म्हणून त्यांनी तोंडात पदर कोंबला. कप्तान रागाने एक पाऊल पुढे आला. गाठ सुटायला लागली, म्हणून दोन पावलं मागे गेला. मग तो विहिरीच्या कट्ट्यावर मटकन बसला.

“आत्याबाई, मी तरी काय करू? मला पण तिकडून उत्तरं येत नाहीत हो. आई आजारी म्हणून रजा मागितली होती. ती गेल्यावर मंजूर झाली.”

आत्याबाईंनी सोललेल्या शेंगा त्याच्यापुढे सरकवल्या. त्याने दोनचार तोंडात टाकल्या. मग कप्तानानेच उठून बुटाच्या टाचेने लाखेची मोहोर फोडली, चादर सावरत एकेक फळी उपटली, आणि कोटाच्या खिशातून ती लोहाराने केलेली कप्पी काढून दिली. दीड वर्ष ती तिथेच होती.

कचेरीवरचं निशाण तोवर उतरलं होतं. धुवायला तेही आत्याबाईंकडेच आलं.

थोरल्या घराला हे कळायला चार महिने लागले, आणि मग चिडायला, ठरवायला नि दमायला दोन वर्षं. ती सगळी लढाई पुस्तकात आहे. कप्तान तेवढ्यात इथलाच झाला. त्याची विजार मात्र आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात कडक इस्त्री करून परत केली होती.

नवं सरकार आलं. वकीलसाहेब त्यात मोठे मंत्री झाले. महिन्याभरात आत्याबाईंना छापील कागद आला: सर्व विहिरींची नोंद करून वापराची परवानगी राजधानीतून घ्यावी.

आत्याबाईंनी तो वाचून घेतला, घडी घातली आणि मंत्रिसाहेबांच्या धुतलेल्या गठ्ठ्यात ठेवून दिला. गठ्ठ्यात सदरे होते, मोजे होते, रुमाल होते. विजारी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मंत्रिसाहेब लांब कोट घालून, बटणं गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लावून, स्वतः आले.

“आत्याबाई, तो कागद चुकून आला हो.”

“मला वाटलंच,” आत्याबाई म्हणाल्या आणि कप्पीवरून दोर सोडला.