फोटोखालचे आकडे

भूकंपानंतर लातुरात आम्ही खेड्यांतल्या पोरांसाठी वसतिगृह चालवायचो. देणग्या मागायचं पत्रक मी हौसेनं अंगावर घेतलं. कागद एकाच छपाईपुरता होता. पोरांचे फोटो ओळीनं लावून प्रत्येकाखाली मी ठळक वय टाकलं: १६, १७, १८. शहरातल्या क्लासवाल्यांच्या पत्रकांवर त्याच जागी मार्क असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

छापखान्यातल्या चाचांनी माझ्यासमोरच शेजारच्या कापडवाल्याला नमुना दाखवला. तो कळवळला, "शंभरात सतरा? अन् वरून फोटो छापून राहिले! ह्या क्लासात पोरगं कोण टाकंल?"

मी घाईनं विचारलं, "चाचा, किती छापले?"

"एकच. डिझाइन तुमचं हाय म्हणून आधी दाखवून घेतलं."

एवढं ऐकून मी हुश्श केलं आणि सगळी वयं खोडली.